तन्मणी निघाला क्रूझवर!

सिंगापूरहून पेनांग-फुकेतची क्रूझ बुक झाली? मस्त! मग फॉर्मल नाइटला आईचा तन्मणी हवाच. न्या की, पण जरा डोकं लावून.

निघताना मुंबई एअरपोर्टवर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. परतताना 'हा तिकडे घेतलात का?' असं कुणी विचारलं, तर उत्तर हातात असतं. दागिने कायम हँडबॅगेतच. बंदरावर सोपवलेली मोठी बॅग केबिनच्या दाराशी काही तासांनी पोहोचते आणि शेवटच्या रात्री ती पुन्हा पॅसेजमध्येच ठेवायची असते.

खरी मेख पुढेच आहे. सागरी प्रवाशांबाबतचा १९७४चा अथेन्स करार सांगतो, की सांभाळण्यासाठी कंपनीकडे रीतसर न सोपवलेले दागिने हरवले, तर जबाबदारी कंपनीची नाही. तिकिटाच्या अटींतही बहुधा हेच असतं. तेव्हा केबिनमधली छोटी तिजोरी रोजच्या कानातल्यांपुरती ठीक. तन्मणी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर द्या, पावती घ्या. आणि तो घालून पूलकडे फिरकूही नका, क्लोरीन मोत्यांची चमक खातं.

एवढं करूनही डेकवर जीव टांगणीलाच लागणार असेल, तर तन्मणी बँकेच्या लॉकरमध्येच बरा. सूर्यास्त तरी धड बघता येईल!