मामा, तुम्ही जरा बाहेर बसा!

मुलांनो, परवा आमच्या चौथीच्या वर्गात एक गंमत झाली. मी ऑफिसात गेले होते. तेवढ्या वेळात दंगा करणाऱ्यांची नावं मॉनिटरनं फळ्यावर लिहिली. मी आले तर फळ्यावर पाच नावं आणि वर्गात एकच ओरडा, "बाई, ह्यानं स्वतःच्या चुलतभावाचं नाव लिहिलंच नाही!" मॉनिटर रडवेला झाला. म्हणाला, "बाई, लिहिलं तर घरी काकू बोलणार. नाही लिहिलं तर ही पोरं बोलणार. मी करू तरी काय?"

मी त्याला रागावले नाही. कारण तसाच पेच माझ्यावरही एकदा आला होता, आणि तेव्हा मी काही चौथीत नव्हते बरं का!

माझं माहेर साताऱ्याचं, आजोळ औंधचं. नोकरीनिमित्त मी सांगलीला आले आणि मामा राहतात त्याच इमारतीत आम्ही फ्लॅट घेतला. चोवीस बिऱ्हाडांची आमची सहकारी गृहनिर्माण सोसायटी. पाणी, जिन्यातले दिवे, दुरुस्ती अशी सगळ्यांची मिळून असलेली कामं सभासदांनी निवडलेली समिती बघते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानुसार हा कारभार चालतो. मामा अध्यक्ष होते. हिशेबाचं काम कुणी घेईना, तेव्हा "बाईंना द्या, त्यांचं गणित पक्कं," असं म्हणून सगळ्यांनी मला खजिनदार केलं. मामा-भाची एकाच समितीत! आमचं पटायचंही छान.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. आमच्या पार्किंगमध्ये छातीभर पाणी. पंपाची मोटार जळाली, विजेचे मीटर बुडाले. पूर ओसरल्यावर ठरलं, की मोटार आणि मीटर उंचावर बसवायचे. तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवली. समितीच्या बैठकीत पाकिटं फोडली, तर सर्वांत कमी दर माझ्या मामेभावाचा, म्हणजे अध्यक्षांच्याच मुलाचा! दुसऱ्या दरापेक्षा चार हजारांनी कमी. तो विजेची कामं घेतो आणि कामाला अगदी चोख आहे.

"मग काय, झालंच!" एकजण म्हणाले. बाकीचे गप्प. सोसायटीच्या छापील नियमांना उपविधी म्हणतात. समितीच्या सभासदाचा सोसायटीच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध नसावा, असं त्यात आहे. म्हणजे आपला फायदा त्यात गुंतलेला नसावा, आडवाटेनंसुद्धा. आणि ज्या विषयात आपण गुंतलोय, त्याची चर्चा चालू असताना तिथं बसूही नये.

पण हे बोलायचं कुणी? ज्या मामांच्या खांद्यावर बसून मी औंधच्या यमाईची जत्रा पाहिली, त्यांना उठा म्हणायचं? माझ्या तोंडाला कोरड पडली. शेवटी कसंबसं म्हणाले, "मामा, तुम्ही जरा बाहेर बसा."

मामा उठले आणि चप्पल घालून सरळ घरी गेले. आम्ही दुसऱ्या क्रमांकाचं दरपत्रक मंजूर केलं.

पुढं पंधरा दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत. चेक वॉचमनच्या हाती सहीला जायचा आणि सही होऊन मुकाट परत यायचा. मामी म्हणाल्या, "चार हजार वाचत होते गं. पोरानं काय चोरी केली होती का?" मला उत्तर सुचेना. चोरी नव्हतीच. आणि ते जादा पैसे गेले, तेही सगळ्यांच्या खिशातून.

मग एक दिवस मीच त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "मामा, लहानपणी तुम्हीच मला भवानरावांची गोष्ट सांगितली होती."

भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे औंधचे राजे. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे. त्यांच्या संस्थानातलं औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे. १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना केली आणि कारभार लोकांच्या, गावच्या पंचायतींच्या हाती दिला. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब ह्या कामात त्यांच्यासोबत होते. बाप-लेक एकत्रच काम करत होते की! पण राजाचा शब्द म्हणजेच कायदा, ही रीत त्यांनी मोडली. "लिहिलेला नियम राजालाही लागू," असं म्हणून मामा ही गोष्ट संपवायचे.

मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझीच गोष्ट मला सांगतीस होय? बस, मामी चहा टाकतीय."

सप्टेंबरअखेर वार्षिक सभा झाली. कुणीतरी विचारलं, "कमी दर सोडून जास्त दरानं काम का दिलं?" मी उठणार, इतक्यात मामाच उभे राहिले. म्हणाले, "तो कमी दर माझ्या मुलाचा होता, म्हणून." सभा क्षणभर शांत झाली आणि पुढचा विषय सुरू झाला.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पार्किंगमध्ये पाणी शिरलं, पण मोटार कोरडी राहिली. मी मोठ्या ऐटीत मामेभावाला ते सांगायला गेले. तो हसून म्हणाला, "आक्का, मी बसवली असती तरी कोरडीच राहिली असती!"

खरं आहे त्याचं. पण मग मोटार जरा कुरकुरली, की लोकांनी मामांच्या दाराकडे बघितलं असतं. आता कुणी बघत नाही.

तर आमच्या मॉनिटरला मी सांगितलं, "चुलतभावाच्या नावाची वेळ आली, की खडू दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि आपण जागेवर जाऊन बसायचं."

त्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "आणि काकू बोलली तर?"

"त्यांना आमच्या मामांकडे पाठव!"