मोजून दिलेली भाकरी

श्रावकाच्या सातव्या व्रताच्या विवेचनात पंधरा कर्मादाने सांगितली जातात. त्यांतले एक ‘निर्लांछन कर्म’: पशूंचे नाक टोचणे, त्यांना डागणे, त्यांचे कान कापणे, त्यांना खच्ची करणे, अशा कामांवर उपजीविका करणे. प्रतिक्रमणात हे नाव आपल्या कानांवर लहानपणापासून पडत आले आहे. त्यामुळे घरच्या कुत्र्याची नसबंदी करावी की नाही, हा प्रश्न आपल्या घरांत केवळ वैद्यकीय उरत नाही. गेल्या दीड वर्षात आमच्या कुटुंबाने या प्रश्नाला तोंड दिले, म्हणून हा लेखनप्रपंच.

यावल तालुका केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध असला तरी आमचा व्यवसाय धान्याचा. गावाच्या कडेला वखार आहे आणि तेथे राखणीला शेरू नावाचा गावठी कुत्रा. तो अडीच वर्षांचा झाला तेव्हा भाद्रपद लागताच त्याचे वखारीत चित्त राहीना. ऐन पर्युषणात तो रात्र-रात्र बाहेर असे आणि पहाटे इतर कुत्र्यांशी भांडून रक्तबंबाळ होऊन परते. एकदा कानामागची जखम चिघळून तिच्यात अळ्या पडल्या. जखम धुतली तर त्या असंख्य जीवांचा घात, न धुवावी तर शेरूचा. ती जखम बरी झाल्यावर पशुवैद्यांनी नसबंदी सुचवली.

घरी विषय काढताच काकासा म्हणाले, “हे निर्लांछनच झाले की.”

मी म्हटले, “काकासा, आपण म्हणता ते खरे. पण बैलाला खच्ची करतात ते त्याने मुकाट्याने नांगर ओढावा म्हणून. येथे आपला लाभ कोणता?”

“लाभ नसेलही. छेद तर आहेच ना?”

त्यांचे म्हणणे नाकारण्यासारखे नव्हते. पहिल्या व्रताच्या अतिचारांत बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध हे पाचही येतात. भूल देऊन, वेदनाशामक देऊन केलेला छेद हाही छेदच. साधुसंत अशा सावद्य कार्याला अनुमती देत नाहीत. गृहस्थाला आपला निर्णय स्वतःच्या विवेकावर घ्यावा लागतो. दुसऱ्या पारड्यात दर वर्षीच्या जखमा होत्या, रस्त्यावर वाहनाखाली जाण्याचे भय होते आणि गल्लीतल्या कुत्रीला होणारी पिल्ले होती. कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि सुमारे 63 दिवसांत विते. त्या पिल्लांतली किती जगतात, हे आपण आपल्या दुकानांसमोर पाहतोच. दोन महिने विचार करून काकासांनीच शेवटी होकार दिला; मात्र एक अट घातली. “यापुढे त्याच्या देहाची जबाबदारी दुप्पट झाली, हे ध्यानात ठेवा.”

या अटीचा अर्थ पुढे कळत गेला. नसबंदीनंतर कुत्र्याच्या शरीराची ऊर्जेची गरज साधारण 20 ते 30 टक्क्यांनी कमी होते, आणि भूक मात्र वाढते. लैंगिक संप्रेरके भुकेवर काही अंशी लगाम ठेवतात. तो लगाम सैल होतो. म्हणजे पूर्वीइतकेच अन्न दिले तरी वजन वाढते, आणि मागेल तितके दिले तर अधिकच वाढते. लठ्ठपणामुळे पुढे सांधे दुखतात, मधुमेहाचा धोका वाढतो, आयुष्य घटते. खानदेशच्या उन्हाळ्यात तर जाड कुत्र्याची धाप पाहवत नाही.

वजनकाटा आमच्या धंद्याचाच असल्याने दर पौर्णिमेला शेरूला काट्यावर उभे करण्याचा नेम ठेवला. शस्त्रक्रियेच्या दिवशी 19 किलो. दोन महिन्यांनी 20 किलो 600 ग्रॅम. पशुवैद्यांच्या सल्ल्याने दूध-भाकरीचे माप चतुर्थांशाने कमी केले आणि सकाळचे फिरणे वाढवले. खरी अडचण दादीसांची होती. शेवटची भाकरी कुत्र्याची, हा त्यांचा साठ वर्षांचा नेम. शेरूच्या डोळ्यांत पाहून त्यांचा हात आखडेना. “मुक्या जीवाला अर्धपोटी ठेवणे हा अन्नपाननिरोध नव्हे का?” असे त्यांनी विचारले. शेवटी ती भाकरी त्याच्या मापातूनच बाजूला काढायची ठरली. नेम टिकला आणि वजन साडेएकोणीसवर स्थिरावले.

स्वभावाविषयी लोकांत दोन समज आहेत: नसबंदीने कुत्रा निरुपयोगी होतो, किंवा एकदम गरीब होतो. आम्हाला दोन्ही खरे दिसले नाहीत. भटकणे, नरांशी भांडणे, धान्याच्या पोत्यांवर मूत्राची खूण करणे हे संप्रेरकांशी जोडलेले वर्तन तीन-चार महिन्यांत बरेच ओसरले. परंतु रात्री अनोळखी पावलांवर भुंकणे तसेच राहिले. दिवाळीच्या फटाक्यांची भीती तशीच राहिली, आणि खाताना ताटलीला हात लावला तर गुरगुरणेही. भीतीतून किंवा सवयीतून आलेला राग शस्त्रक्रियेने जात नाही. भित्र्या कुत्र्यात तो क्वचित वाढूही शकतो. त्यावर उपाय धीराने लावलेली शिस्त हाच.

आपल्या समाजाचे या प्राण्याशी नाते जुने आहे. 1832 साली मुंबईत भटके कुत्रे मारण्याच्या मोहिमेवरून मोठा क्षोभ उसळला. त्यानंतर 1834 मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासह शेठ मोतीशाह यांनी तेथे पांजरापोळ स्थापन केली. आज 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करणे ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. मारण्याऐवजी हा मार्ग आला, हे अनुकंपेचेच पाऊल मानावे लागेल.

ज्यांच्या घरी हा प्रश्न उभा असेल, त्यांनी निर्णय आपल्या विवेकाने घ्यावा. घेतलाच, तर पशुवैद्यांकडून योग्य वय विचारून घ्यावे, रेबीजची लस चुकवू नये आणि दर महिन्याला वजन करावे. कुशीवरून हात फिरवला तर बरगड्या सहज हाताला लागाव्यात, इतकी साधी कसोटीही पुरे. ऊनोदरी आपण स्वेच्छेने करतो; मुक्या जीवाचे माप मात्र आपणच ठरवतो. म्हणून ते हात आखडून नव्हे, तर मोजून द्यावे.

जय जिनेंद्र.