पिंजऱ्याकडे पाठ करून

पेंग्विनच्या काचेसमोर आलेली माणसं हळूहळू पेंग्विनसारखी उभी राहू लागतात. राणीच्या बागेत हे कुणालाही पाहता येईल. रांगेत असेपर्यंत ती माणसांसारखीच असतात. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात अर्धी सोललेली केळी, कुणी कुणाला ‘तुला सांगितलं होतं ना, छत्री घे’ म्हणून टाकून बोलत असतं. काचेशी पोचली की हात अंगाला चिकटतात, पावलं जुळतात, आणि अख्खं कुटुंब एका दिशेला तोंड करून गप्प होतं. पलीकडचा पेंग्विन मान कलती करून बघतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे नीट बघायचं तर एकेक डोळा पुढे करावाच लागतो. आपल्याला तशी काही गरज नाही. तरी आजोबांपासून नातीपर्यंत सगळ्या माना त्याच बाजूला कलतात. तो दुसरीकडे वळला की यांच्याही वळतात.

हे एकदा लक्षात आलं आणि मला त्या काचेत उमटलेल्या माणसांचंच वेड लागलं.

जुलै २०१६ मध्ये हे पक्षी सोलहून मुंबईत आले आणि मार्च २०१७ मध्ये लोकांना दिसू लागले. जातीनं हम्बोल्ट, मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. बर्फाशी त्यांचा संबंध नाही, पण काचेपुढच्या दर तिसऱ्या बापाला आपल्या मुलाला ‘हे बर्फात राहतात’ असं सांगायचंच असतं, आणि तो ते इतक्या प्रेमानं सांगतो की मध्ये तोंड घालावंसं वाटत नाही. वर्षातून एकदा हे पक्षी अंगावरची सगळी पिसं टाकतात. नवी येईपर्यंत पाण्यात शिरत नाहीत, नुसते उभे राहतात. त्या दिवसांत काचेपुढे दवाखान्याच्या बाकावरचं वातावरण असतं. ‘ताप असेल गं त्याला.’ ‘जेवला नसेल.’ एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, ‘रात्रपाळी झाली की तुम्ही अस्से दिसता.’ नवऱ्यानं पेंग्विनकडे फार आपुलकीनं पाहिलं.

स्वीडनमधल्या फुरुविक प्राणिसंग्रहालयात काही संशोधकांनी चिम्पान्झी आणि प्रेक्षक या दोघांवर एकाच वेळी नजर ठेवली. २०१८ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. माणसं चिम्पान्झींची नक्कल करतात हे त्यासाठी स्वीडनला न जाताही कळलं असतं. पण चिम्पान्झीही माणसांची नक्कल करत होते, आणि दोघांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. म्हणजे गजाच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांना वेडावणं चाललेलं, आणि दोन्ही पक्षांची खात्री की समोरचाच आपल्याला करमणूक म्हणून ठेवलाय! याच ठिकाणी सान्तिनो नावाचा एक नर होता. संग्रहालय उघडण्याआधी, सकाळच्या शांत वेळी तो दगड गोळा करून ठेवायचा, आणि मग प्रेक्षक आले की त्यांच्यावर भिरकवायचा. त्याच्यावर २००९ मध्ये शोधनिबंध लिहिला गेला, कारण पुढच्या वेळेची तयारी आधी करून ठेवणं ही फक्त माणसाची मिजास समजली जात होती. मला त्या निबंधातल्या निष्कर्षापेक्षा ती सकाळ आवडते. तिकीटखिडकी अजून बंद, आणि हा आपला एकेक दगड पारखून रचतोय.

माकडांच्या पिंजऱ्याचा विषय निघाला की मला आत्या आठवते. तिच्याबद्दल लिहायला लागलं की हात आवरत नाही, आवरायची इच्छाही नाही.

आत्या चिंचपोकळीच्या बाजूला चाळीत राहायची. मामा गिरणीत. त्या काळी राणीच्या बागेत सिंह होते, आणि थंडीच्या रात्री, रस्ता निवला की त्यांची गर्जना चाळीपर्यंत यायची. सिंहाचा आवाज मैलोन् मैल जातो. चिंचपोकळी त्याला काहीच नाही. चाळीतल्या पोरांना त्याचं काही वाटत नसे. सिंह झाला, भोंगा झाला, पाणी आलं, असा तो पहाटेचा क्रम होता. पण गावाहून आलेला पाहुणा ताडकन उठून बसायचा. ज्याच्या गोठ्यामागे बिबट्या येऊन जातो, जो रात्री-बेरात्री एकटा बॅटरी घेऊन व्हाळ ओलांडतो, तो मुंबईत, दहा बाय बाराच्या खोलीत, आठ माणसांच्या मध्ये, सिंहाला भिऊन जागा. आत्या अंधारातूनच सांगायची, ‘निज रे. तो पगारी आसा.’

तिच्याकडे पाहुण्यांची रीघ. कुणी नोकरीसाठी, कुणी केईएममध्ये दाखवायला, कुणी नुसतंच. आलेल्याला मुंबई दाखवायची ही तिच्या घरची रीत. म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय, गेटवे, आणि सगळ्यांत आधी राणीची बाग, कारण तिथे चालत जाता यायचं. बरोबर चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणीची चटणी आणि पाण्याची कळशी. माकडांच्या पिंजऱ्यासमोर एक बाक होता. आत्या त्यावर बसायची, पण माकडांकडे पाठ करून. कुणी विचारलं तर म्हणायची, ‘माकडां आमच्या गावाक कौलां फोडतत. तेंका बघूक हयसर पैशे कित्याक भरूचे?’

ती बघायची माणसं. माकडांच्या पिंजऱ्यासमोर माणसाचं तोंड उघडं पडतं, असं तिचं ठाम मत होतं. देवळात माणूस सांभाळून असतो, लग्नात मिरवत असतो, ऑफिसात दबलेला असतो. इथे तो विसरतो. तो दात काढतो, बगलेत खाजवतो, ‘हुप्’ म्हणतो, आणि आपल्याला कुणी बघत असेल हे त्याच्या ध्यानीमनी नसतं. बाकावर बसल्या बसल्या ती सांगायची : ती दोघं काल भांडलेली आहेत, हिला दिवस गेलेत पण अजून तिनं सासूला सांगितलं नाही, त्या पोराला खाली ठेवा, त्याला माकड नको, शू लागलीय. शूचं तर दर वेळी खरं निघायचं.

माझ्या आतेबहिणीची, म्हणजे ताईची, लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा आत्यानं पोहे-चहाच्या कार्यक्रमावर विश्वास ठेवायचं साफ नाकारलं. पोहे खाताना सगळेच पोरगे गरीब दिसतात, ती म्हणायची. तेव्हा दाखवण्याचा कार्यक्रम घरी उरकला की ‘चला, जरा बागेत पाय मोकळे करू’ म्हणून ती सगळ्यांना राणीच्या बागेत न्यायची. नवऱ्या मुलाकडच्यांना यात काही खटकत नसे. मोकळी, झाडांची जागा. मुलामुलीला चार शब्द बोलता येतील. मुलगा ताईशी काय बोलतो याकडे आत्याचं लक्षच नसायचं. ती त्याच्या हातात शेंगदाण्यांची पुडी द्यायची आणि आपल्या बाकावर जाऊन बसायची. तेव्हा जनावरांना खायला घालायला कुणी अडवत नसे. आता सक्त बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण ताईचं लग्न त्या पुडीवरच ठरलं हेही तितकंच खरं.

पहिला मुलगा चांगल्या नोकरीतला, उंच, दोन भावांत धाकटा. त्यानं शेंगा सोलून दाणे स्वतः खाल्ले आणि टरफलं मिटून गजातून आत धरली. माकडीण आली, तिनं मूठ उघडली, टरफल हुंगलं, टाकलं. तो हसला. तिला परत बोलावलं, परत टरफल. परत हसला. घरी आल्यावर मामा म्हणाले, पगार चांगला आहे. आत्यानं पाटावरून मान वर न करता सांगितलं, ‘मुक्या जनावराक फसयता, तो बायलेक काय सोडतलो?’ विषय संपला.

दुसऱ्यानं पुडी खिशात घातली आणि विसरला. तो विसराळू म्हणून गेला. मला आजही वाटतं, तो वाईट नसावा.

तिसरा आला तो पिंजऱ्याजवळ न जाता आधी पाटीजवळ गेला. पाटी पूर्ण वाचली, इंग्रजी वाचून झाल्यावर मराठीही वाचली. मग शेजारी एक परकं पोर टाचा उंचावून उभं होतं, त्याला पुडी दिली आणि ‘एकेक दे’ म्हणाला. त्यानंतर अस्वलाकडे गेले तर अस्वल गुहेत. सगळे दोन मिनिटं थांबून पुढे निघाले, हा थांबला. हाक मारली तरी थांबला. ‘येईल तो,’ म्हणाला. अस्वल काही आलं नाही. आत्यानं तिथेच मामांच्या दंडाला चिमटा काढला.

तेच आमचे भावोजी. अजूनही प्रत्येक पाटी वाचतात, आणि त्यांच्याबरोबर कुठेही गेलं तरी परतीची गाडी चुकते.

अलीकडे बागेत गेलं की पिंजऱ्याकडे पाठ केलेली माणसं पुष्कळ दिसतात, पण ती आत्याच्या जातीची नव्हेत. ती मोबाईल उंच धरून स्वतःला आणि मागच्या बिबट्याला एका चौकटीत बसवत असतात. बिबट्या मात्र सगळा वेळ त्यांच्या मानेच्या मागच्या भागाकडे टक लावून असतो. मोठ्या मांजरांचं भक्ष्याच्या मानेवर फार बारीक लक्ष असतं, हे त्या मंडळींना कुणीतरी सांगावं असं मला मनापासून वाटतं. वाघाला जांभई आली तर ‘चिडला, चिडला!’ म्हणून गर्दी ओरडते. सुसर तोंड उघडं ठेवून ऊन घेत पडली, की ती रबराची आहे अशी कुजबुज सुरू होते.

पाणघोड्याच्या तळ्याचं मात्र वेगळं आहे. तिथे माणसं थांबतात, कारण काहीच दिसत नाही. हिरवट पाणी, आणि त्याखाली दीड-दोन टनांचं जनावर आहे हा नुसता विश्वास. चार-पाच मिनिटं ते आरामात पाण्याखाली राहू शकतं. परवा कठड्याला चांगली गर्दी होती, आणि एक शाळकरी मुलगा त्याच्याबरोबर आपलाही श्वास रोखून लाल झाला होता. मग दोन नाकपुड्या उघडल्या, फुर्र झालं, कान गरागरा फिरून त्यांतलं पाणी उडालं, आणि ‘आला!’ असा सगळ्यांचा एक आवाज निघाला. ओळखदेख नसलेली माणसं एकमेकांकडे पाहून हसली. पाणघोडा काठाशी आला, सावकाश वळला, गर्दीकडे पाठ केली. लोकांनी मोबाईल पुढे काढले. त्यानं शेपटी पंख्यासारखी फिरवत विष्ठा चौफेर उडवली. ही माझी हद्द, असं सांगायची त्याची ही पद्धत आहे. कठडा एका क्षणात रिकामा झाला. तो शाळकरी मुलगा तेवढा जागचा हलला नाही, आणि आनंदानं नाचायचा बाकी होता.

आपण नसलो तर त्यांना काय वाटतं? २०२० मध्ये टोकियोच्या सुमिदा मत्स्यालयात टाळेबंदीनं प्रेक्षक थांबले, आणि वाळूत उभे राहणारे तिथले ‘गार्डन ईल’ मासे माणसाची सवय विसरू लागले. कर्मचारी जवळून गेला तरी वाळूत गडप. मग मत्स्यालयानं लोकांना आवाहन केलं : मे महिन्यात व्हिडिओ कॉल करा, हात हलवा, चेहरा दाखवा, पण मोठ्यानं बोलू नका. घरोघरची माणसं पडद्यावरून माशांना हात करत राहिली. आत्याला हे सांगायला हवं होतं. तिनं नक्की विचारलं असतं, मासे कुणाकडे बघून आत गेले आणि कुणाकडे बघून बाहेर आले.

भावोजींबरोबर मी हल्लीच बागेत गेलो होतो. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला घारापुरीचा दगडी हत्ती आहे ना, तिथे ते खिळले. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे येऊन पडले, आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. भावोजी हे मला सांगत होते, पण त्यांचा आवाज मोठा. एकेक करत सात-आठ माणसं भोवती जमली. त्यांतल्या एका बाईच्या हाताला दोन मुलं ओढत होती. तिनं मध्येच विचारलं, ‘काका, वाघ कुठल्या बाजूला?’

‘दाखवतो,’ भावोजी म्हणाले. ‘पण आधी हा हत्ती ऐकून घ्या.’

ती बाई थांबली. मुलंही थांबली.