कागद हलाल आहेत, पुढे?

आत्याने मागे फोनवर विचारलं होतं, "अरे, व्याज घेत नाहीत तर तुझ्या बँकेचं भागतं कसं?" तेव्हा थातुरमातुर उत्तर दिलं, म्हणून आज नीट लिहितोय.

समजा, इथे दुबईत तुम्हाला गाडी घ्यायचीय. इस्लामी बँक पैसे देत नाही. ती गाडी स्वतः विकत घेते आणि नफा जोडून तुम्हाला हप्त्याने विकते. हा मुराबहा. गंमत म्हणजे मधे, भले दहा मिनिटं का होईना, गाडी बँकेच्या मालकीची असावीच लागते. तेवढ्यात ती जळली तर नुकसान बँकेचं. शरिया ऑडिटर हेच तपासतात. क्रम उलटा निघाला तर त्यावरचा नफा धर्मादाय खात्यात. उशिराच्या हप्त्याचा दंडही तिकडेच. बँकेने तो खायचा नाही.

मी शेजारच्या टेबलावरचा साधा इंटर्नल ऑडिटवाला. त्यांची चिकाटी पाहून खरंच आदर वाटतो. (आपल्या पतपेढ्यांना असे ऑडिटर मिळाले असते तर! असो.)

पण सही असली म्हणजे सगळं आलं असं नाही. बहारीनच्या 'आयोफी' या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या शरिया मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष मुफ्ती तकी उस्मानी 2007 साली म्हणाले की बाजारातले बहुतेक सुकूक, म्हणजे इस्लामी रोखे, नियमात बसत नाहीत. मुद्दल परत घेण्याची हमी आधीच दिली, तर जोखीम वाटून घेतली कुठे? आणि त्या रोख्यांवर धर्मपंडितांच्या सह्या होत्याच की.

हे आठवलं एका फाईलमुळे. नोकरी गेलेला माणूस. मुदत मागणारे तीन अर्ज, तिन्ही नामंजूर. शेवटी गाडी उचलून नेली. शरिया ऑडिटचा शेरा: आक्षेप नाही. बरोबरच आहे, खरेदी-विक्रीचा क्रम चोख होता, दंड धर्मादायात गेला होता. पण कुराणातच (सूरा अल-बकरा, आयत 280) अडचणीतल्या ऋणकोला सवड द्यावी असं सांगितलंय. तपासणीच्या यादीत ते कुठेच नाही.

शेजारच्या ऑडिटरला दाखवलं. तो बराच वेळ फाईल चाळत राहिला. मग म्हणाला, "भाई, तू लिही, मी सही करतो."

म्हणून किती जणांनी मुदत मागितली आणि किती जणांना मिळाली, असा एक रकाना यादीत घालायचं आम्ही दोघांनी सुचवलंय. शरिया मंडळाची बैठक महिनाअखेरीस आहे. काय होतं ते इथे लिहीनच. आत्या, तुलाही फोन करतो.