कृत, कारित, अनुमोदना आणि टेक्सासचा कायदा



आपल्यातल्या कित्येकींच्या लेकी-सुना डॅलस, ह्यूस्टनला आहेत. तिकडे निघताना मेतकूट-भाजणीबरोबर औषधांची एक पिशवी बॅगेत जातेच. म्हणून तिथला एक नवा कायदा आपणही समजून घ्यावा असं वाटलं.

टेक्सासमध्ये २०२२ पासून गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. तरीही मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गोळ्या दुसऱ्या राज्यांतून टपालाने येत राहिल्या. त्या थांबवण्यासाठी ४ डिसेंबर २०२५ पासून ‘हाउस बिल ७’ लागू झालं. गर्भपातासाठी या गोळ्या बनवणाऱ्या, लिहून देणाऱ्या, पाठवणाऱ्या किंवा पोचवणाऱ्यांवर कोणीही सामान्य नागरिक दिवाणी दावा लावू शकतो. दावा जिंकला तर भरपाई किमान १ लाख डॉलर. दावा करणारी ती स्त्री, गर्भाचा पिता किंवा जवळचा नातेवाईक असेल तर सगळी रक्कम त्यांना मिळते. परका असेल तर त्याला १० टक्के, बाकीची धर्मादाय कामाला. गोळी घेणाऱ्या स्त्रीवर मात्र दावा होत नाही. गर्भ आपोआप पडला, नळीत राहिला किंवा आईच्या जिवावर बेतलं, तर उपचाराला सूट आहे.

तेव्हा कोणासाठीही या गोळ्या बॅगेतून नेऊ नका, पाठवूही नका. मायेपोटी केलं तरी कायद्याच्या लेखी ते पोचवणंच.

हे वाचताना तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय आठवतो. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. गुणाकार केला की १०८. जपमाळेचे मणी १०८ का, तर हेच कारण आपल्याला लहानपणी सांगितलेलं. करणाऱ्याबरोबर करवणाराही दोषी, हे आपल्याला नवं नाही. गर्भातला जीव पंचेंद्रिय आहे, याबद्दलही आपल्या मनात शंका नाही.

मग हा कायदा आपल्याच विचाराचा का? मला तसं वाटत नाही. ते १०८ प्रकार आपण स्वतःचे दोष शोधायला मोजतो. दुसरीच्या दोषावर पाळत ठेवायची आणि त्यातून १० हजार डॉलर मिळवायचे, तर लोभ हा कषाय आपल्याच खात्यात जमा होतो. त्यात तो गर्भ वाचल्याचं पुण्यही नाही, कारण दावा लागतो तो बहुधा सगळं होऊन गेल्यावर.

मला काळजी वाटते ती भीतीची. मिसोप्रोस्टॉल बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाही देतात, अर्धवट गर्भपातातही देतात. कायद्यात सूट लिहिलेली असली, तरी घाबरलेली मुलगी कलम वाचत बसत नाही. ती दुखणं लपवते.

म्हणून लेकी-सुनांना आजच सांगा: रक्तस्राव झाला, ताप आला तर लगेच इस्पितळात जा, तुझ्यावर दावा होत नाही. आणि तिने आपल्याला काही सांगितलं, तर आधी ऐकून घेऊया. तिचा निर्णय आपल्याला पटला नाही तरी त्या क्षणी तिचा जीव जपणं ही अहिंसाच आहे.