तीन कोरुनांची नोट

माझ्या अल्बममधली सगळ्यात स्वस्त नोट चेकोस्लोव्हाकियाची, १९५३ ची. किंमत चक्क तीन कोरुना! या नोटा सोव्हिएत युनियनमध्ये गुपचूप छापल्या होत्या. मे अखेरीस राष्ट्राध्यक्ष झापोतोत्स्की रेडिओवर म्हणाले, चलन भक्कम आहे. आणि १ जूनपासून नवं चलन लागू! माणशी ३०० जुन्या कोरुनांपर्यंत पाचाला एक, त्यावरच्या रोकडीला पन्नासाला एक. म्हणजे घरात १०,३०० साठवलेल्याच्या हाती आल्या फक्त २६०. प्लझेनमध्ये स्कोडाचे कामगार रस्त्यावर उतरले, चिरडले गेले.

संग्राहकांना कोऱ्या करकरीत नोटा लागतात. मला मात्र हीच आवडते, चुरगळलेली. साठवणीचं पाणी झाल्यावरही कुणीतरी हिच्यावर घर चालवलं असणार ना? दर महिन्याला एसआयपी कापली गेली की हटकून ही आठवते. असो, पुढचा हप्ता पाच तारखेला!