शिकवणे हे शिकावे लागते

शिकवण्याची कला उपजतच असावी लागते, असे पुष्कळ लोक म्हणतात. मला ते पटत नाही. शिकवणे हे शिकावे लागते. सावित्रीबाई फुले यांनीही अहमदनगर आणि पुणे येथे शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते.

बारावीनंतर मी डी.एड.ला गेले. वडील गोदीत हमाल, आई चार घरची धुणीभांडी करायची. दोन वर्षे पाठ-टाचणे लिहिली, पुठ्ठ्याची साधने केली, सराव पाठ घेतले. मात्र माझ्या घरातच एक मूल असे होते की, त्याला कसे शिकवावे हे त्या पुस्तकांत सापडेना. तो माझा धाकटा भाऊ. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. सात वर्षांचा असताना आई त्याला शाळेत घेऊन गेली, तर "याला घरीच ठेवा" म्हणून परत पाठवले. वस्तीत कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे मागच्या जन्मीचे पाप. आई मुकाट्याने ऐकून घेई.

म्हणून डी.एड. झाल्यावर नोकरी न शोधता मी विशेष शिक्षणाच्या पदविकेला प्रवेश घेतला. आणखी दोन वर्षे! कमावते हात कमी, तेव्हा संध्याकाळी शिकवण्या घेऊन फी भरली. या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असावी लागते. १९९२ च्या कायद्यानुसार परिषदेकडे नाव नोंदल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही.

तिथे पहिल्याच महिन्यात कळले की, डाऊन सिंड्रोममध्ये शरीरातील एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. दृष्ट नाही की पाप नाही. घरी येऊन आईला सांगितले. ती हातातले काम ठेवून म्हणाली, "म्हणजे माझ्या हातून काही वाईट झालं नव्हतं?" इतकी वर्षे हा प्रश्न ती एकटीच वागवीत होती.

दुसरी गोष्ट शिकले ती कामाचे तुकडे पाडण्याची. शर्ट घालणे आपल्याला एकच काम वाटते. मोजले तर त्यात दहा-बारा कामे निघतात. आम्हाला शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करायला शिकवले. बाकी सारे आपण करून द्यायचे, शेवटचे बटण तेवढे मुलाने लावायचे. काम पुरे केल्याचा आनंद त्याचा! मग शेवटची दोन बटणे, मग तीन. आधी हात धरून, मग खुणेने, मग नुसते सांगून. मदत हळूहळू काढून घ्यायची आणि रोज वहीत नोंद ठेवायची. तेरा वर्षांचा माझा भाऊ तीन महिन्यांत स्वतः शर्ट घालू लागला. तोवर आईच त्याला कपडे घालत होती.

पुढे पहिलीच्या वर्गावर गेल्यावर कळले की, ही रीत सगळ्याच मुलांच्या कामाची आहे. वजाबाकी न जमणाऱ्या मुलाला मी आधी चिंचोके देते, मग चित्रे, मग अंक. मूल जिथे उभे आहे, तिथून बाईने सुरुवात करायची. दोन्ही प्रशिक्षणांचे सार हेच.

माता-भगिनींनो, आता कायदा आपल्या बाजूला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला तो १८ वर्षांपर्यंत दिला. जवळची शाळा घ्यावी की विशेष शाळा, ही निवडही त्याचीच. २०२२ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे ठरवले.

परंतु कागदावरचा हक्क चालून घरी येत नाही. आपल्या घरात वा शेजारी असे मूल असेल तर त्याला दाराआड ठेवू नका. सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला काढा, शाळेत जा, मुख्याध्यापकांना विशेष शिक्षकाविषयी विचारा. एकटीला संकोच वाटत असेल तर शेजारणीला सोबत न्या. आणि बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा "पुढे काय करू?" म्हणून विचारत असेल, तर या शिक्षणाचाही विचार करा. शिकवणारी माणसे आपल्याच वस्तीतून निघाली, तर आपल्या एकाही मुलाला "घरीच ठेवा" म्हणण्याची वेळ येणार नाही.